ट्रायग्लिसराइड्स वाढलेत, शुगर मात्र नॉर्मल: विशी-तिशीतल्यांनी पुढे काय करायचं

ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट शनिवारी सकाळी फोनवर आला. सगळे आकडे साध्या अक्षरात, एकच ओळ ठळक: ट्रायग्लिसराइड्स (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) २४८. मी तेव्हा २७ वर्षांची होते. वजन ६१ किलो, उंची १५८ सेंटिमीटर, म्हणजे चारचौघांत कुणी जाड म्हणणार नाही अशी. उपाशीपोटीची शुगर ९८. बाबांना पंधरा वर्षांपासून डायबेटिस आहे, त्यामुळे आमच्या घरी रिपोर्ट वाचायचा म्हणजे शुगरची ओळ वाचायची. "शुगर नाही ना, मग झालं," बाबा म्हणाले. तपासणीच्या डॉक्टरांनी "तेलकट कमी करा" एवढं सांगून पुढचं नाव पुकारलं.

मी तेलकट बंदच करून टाकलं. दोन महिने पोळीला तूप नाही, भाजीत दाण्याचं कूट नाही, फोडणी नावापुरती. मधल्या वेळी भूक लागली की खाकरा, मुरमुरे, टोस्ट आणि संत्र्याचा ज्यूस. दोन महिन्यांनी आकडा आला २६३.

तेव्हा कुठे मी एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे गेले आणि पहिल्यांदा कुणीतरी मला नीट समजावून सांगितलं. ते दोन महिने तुमचे वाया जाऊ नयेत म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण त्यांच्यासमोर बसण्याआधी काय करायचं, काय विचारायचं आणि घरी परतल्यावर स्वयंपाकघरात काय बदलायचं, ते पायरीपायरीने सांगते.

१. आधी बघा, रक्त नीट परिस्थितीत दिलं होतं का

ट्रायग्लिसराइड्स हा लिपिड प्रोफाइलमधला, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीतला, सगळ्यात चंचल आकडा आहे. जेवणानंतर तो चढतो. आदल्या रात्री लग्नाची पंगत झाली असेल, दोन-तीन दिवसांत दारू झाली असेल, ताप येऊन गेला असेल, तरी तो फुगलेला दिसू शकतो. म्हणून वाढीव आकडा आला की काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचा. १० ते १२ तास उपाशी राहून, साधं पाणी पिऊन जायचं. चहा नाही, बिनसाखरेचाही नाही. आदल्या रात्री नेहमीसारखं जेवायचं. आकडा चांगला यावा म्हणून चार दिवस नुसतं सूप पिऊन जाऊ नका, त्यात फसवणूक फक्त तुमची होते.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. पिंपल्ससाठी त्वचारोगतज्ज्ञ देतात ती आयसोट्रेटिनॉइन, स्टेरॉइड, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, मानसिक आजारांवरची काही औषधं, यांनी ट्रायग्लिसराइड्स वाढतात. विशी-तिशीतली मुलं-मुली नेमकी हीच औषधं घेत असतात आणि पिंपल्सची गोळी काय सांगायची म्हणून डॉक्टरांना सांगत नाहीत. सांगा. आणि स्वतःच्या मनाने बंदही करू नका.

थायरॉइड मंद असेल तरीही रक्तातली चरबी वाढते. एका टीएसएच तपासणीने ते कळतं.

२. कोणत्या तपासण्या करायच्या आणि सोबत काय न्यायचं

ऐंशी तपासण्यांचं पॅकेज स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. नको त्या आकड्यांनी डोकं भंडावतं आणि हवी ती तपासणी त्यात नसतेच. माझ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तपासण्या अशा:

- उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल
- उपाशीपोटीची शुगर, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायल्यावर दोन तासांनी पुन्हा शुगर
- एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी)
- टीएसएच (थायरॉइडसाठी), एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), साधी लघवी तपासणी
- हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी)

ग्लुकोजवाल्या तपासणीला दोन तास लॅबमध्येच बसावं लागतं, म्हणून सुट्टीचा दिवस धरा. ते पाणी भलतंच गोड असतं. रिकाम्या पोटी मळमळतं, तरी सावकाश पाच मिनिटांत संपवायचं आणि मधल्या वेळात फिरायला जायचं नाही.

डॉक्टरांकडे जाताना ही फाइल न्या: जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, चालू औषधांची पट्टी किंवा फोटो, घरात कुणाला कोणत्या वयात डायबेटिस किंवा हार्ट अटॅक आला त्याची यादी, आणि तीन दिवस जे जे खाल्लं-प्यायलं त्याची प्रामाणिक नोंद. मुलींनी पाळीच्या तारखाही लिहून न्याव्यात. माझी पाळी दोन-दोन महिने यायची नाही. त्या तारखा पाहिल्यावरच डॉक्टरांनी पीसीओएसची (पाळी अनियमित करणाऱ्या हार्मोनच्या विकाराची) तपासणी सांगितली. तोही याच साखळीतला दुवा निघाला.

३. रिपोर्ट वाचायचा कसा

लिपिडचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतात. ट्रायग्लिसराइड्स १५० च्या आत हवेत. १५० ते १९९ काठावर, २०० ते ४९९ वाढलेले, ५०० आणि त्यापुढे खूप वाढलेले. एचडीएल, म्हणजे ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो, ते पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या खाली गेलं तर कमी. माझं होतं ३६. ही ओळ ठळक नव्हती, कारण लॅबने पुरुष-बाई न बघता एकच मर्यादा ३५ अशी छापली होती. लॅबच्या ठळक अक्षरांवर विसंबू नका.

एलडीएलच्या, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलच्या, ओळीत एक खोच आहे. बऱ्याच लॅब एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, त्यातून ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या पुढे गेले की हा हिशेब चालत नाही, आणि वाढू लागले की तसाही डळमळतो. अशा वेळी एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करून नॉन-एचडीएल काढा. माझं १९६ वजा ३६, म्हणजे १६०. धमन्यांना त्रास देणारे सगळे कण या एका आकड्यात येतात, आणि तो काढायला कागद-पेन पुरतं.

शुगरचं: उपाशीपोटी १०० च्या आत नॉर्मल, १०० ते १२५ डायबेटिसचा उंबरठा, १२६ पासून डायबेटिस. ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० च्या आत नॉर्मल, १४० ते १९९ उंबरठा, २०० पासून डायबेटिस. एचबीए१सी ५.७ च्या आत नॉर्मल, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून डायबेटिस. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर डायबेटिसचा शिक्का बसत नाही, दुसऱ्या तपासणीने खात्री करतात.

माझी उपाशीपोटीची शुगर ९८ होती, तिच्यावर सगळे निर्धास्त होते. ग्लुकोजनंतर ती १५६ आली आणि एचबीए१सी ५.९. म्हणजे मी उंबरठ्यावर उभी होते आणि सकाळची शुगर ते सांगतच नव्हती. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आणि साडेतेरा कोटींच्या वर माणसं उंबरठ्यावर असल्याचा अंदाज निघाला. आतल्यांपेक्षा दारात उभे असलेले जास्त, आणि त्यातल्या अनेकांना ते दारात आहेत हे ठाऊक नसतं.

एचबीए१सीचीही एक अडचण आहे. लोह कमी असल्याने रक्त कमी असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो. सिकल सेल किंवा थॅलेसेमिया असेल तर उलट फसवा. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकल सेल बऱ्याच घरांत आहे, तिकडच्यांनी हे आवर्जून सांगावं. सीबीसी सोबत करायची ती यासाठी.

परदेशात असाल तर रिपोर्ट मिलिमोलमध्ये येईल. तिथले १.७ ट्रायग्लिसराइड्स म्हणजे इथले १५०, आणि ५.६ शुगर म्हणजे इथली १००.

४. शिंप्याची टेप काढा, आरशात मान बघा

पोटाचा घेर मोजायला वजनकाट्याइतकाच वेळ लागतो, आणि तो जास्त खरं बोलतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर टेप धरायची, श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. आपल्याकडे पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. माझा घेर ८७ निघाला. बीएमआयही (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) भारतीयांसाठी २३ पासूनच जास्त धरतात, २५ वर थांबायचं नाही. माझा २४.४ होता.

"मी तर बारीक आहे" हे वाक्य आपल्या लोकांच्या बाबतीत फार धोक्याचं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं यावरच काम करत आले आहेत. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपली ठेवणच आहे.

आता मान. माझ्या मानेच्या मागे काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा होता, कॉलेजपासून. "अगं, मान घासत जा जरा नीट," असं आई दर रविवारी म्हणायची, बेसन-लिंबू लावून द्यायची. चोळून चोळून कातडी लाल व्हायची, पट्टा तसाच. डॉक्टरांनी केस बाजूला करून मान पाहिली आणि विचारलं, "हे कधीपासून?" तो मळ नव्हता. शरीर इन्सुलिनला (रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाला) दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढतं, आणि मान, काख, जांघेतली कातडी अशी काळवंडते. तुमच्या किंवा धाकट्या भावंडांच्या मानेवर असं दिसलं तर घासू नका, रक्त तपासा. आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

चेन्नईचे डायबेटिसतज्ज्ञ डॉ. मोहन यांच्या संस्थेने तयार केलेला भारतीय डायबेटिस धोका-गुणांक घरी काढता येतो. वय, पोटाचा घेर, व्यायाम आणि आईवडिलांचा डायबेटिस, या चारच गोष्टी. ६० आणि त्यापुढे धोका जास्त, ३० ते ५० मध्यम. माझे गुण: वय ३५ च्या आत म्हणून ०, घेराचे १०, बैठं काम आणि व्यायाम शून्य म्हणून ३०, बाबांचे १०. एकूण ५०. "मध्यम" आलं म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. तरुणांना वयाचे गुण मिळतच नाहीत, म्हणून त्यांचा आकडा खाली राहतो.

५. तेल सोडून आकडा का वाढला, हे समजून घ्या

ही पायरी गाळू नका, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

रक्तातली ट्रायग्लिसराइड्स म्हणजे थेट खाल्लेलं तेल नव्हे. उपाशीपोटी जी दिसतात ती बहुतेक यकृताने बनवून पाठवलेली असतात. पोळी, भात, साखर यांतून आलेलं जे ग्लुकोज खर्च होत नाही, त्यातल्या काही भागाची यकृत चरबी करतं. साखरेतल्या फ्रुक्टोजचं तर विशेष. त्यात शरीर इन्सुलिनला जुमानत नसेल, तर पोटावरच्या साठ्यातूनही चरबी सुटून यकृताकडे येत राहते. यकृत ती बांधून रक्तात धाडतं, तोच तुमचा वाढलेला आकडा. याच गर्दीत एचडीएल लवकर संपतं. म्हणून ट्रायग्लिसराइड्स वर आणि एचडीएल खाली, ही जोडी बहुधा एकत्र येते.

दरम्यान स्वादुपिंड जादा इन्सुलिन ओतून शुगर नॉर्मल राखतं. ते किती वर्षं पुरेल हे माणसागणिक वेगळं. ते थकलं की शुगरची ओळ ठळक होते. ट्रायग्लिसराइड्सची ओळ त्याच्या कितीतरी आधी ठळक झालेली असते. मी तूप सोडून खाकरा, टोस्ट आणि ज्यूस घेत होते, म्हणजे यकृताला कच्चा माल वाढवून देत होते.

६. ताट बदला

सुरुवात चहापासून. मी दिवसाला पाच चहा घ्यायचे, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचा चार ग्रॅमचा धरला तरी ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं म्हणते, तेही सगळीकडची वरून घातलेली साखर मिळून. मी दोन चहांवर आले, मग अर्ध्या चमच्यावर. तीन आठवडे चहा पाणचट लागला, नंतर जुना चहा गोडमिट्ट लागू लागला. गूळ, मध, खडीसाखर हे सगळं साखरच धरा. फळ चावून खा, ज्यूस नको, उसाचा रस तर नकोच.

नाश्ता. पोहे म्हणजे भातच. ते सोडायला कुणी सांगत नाही, पण डिशभर पोहे आणि वर चहा-बिस्किट हा सगळा पिठाचाच मामला. मी आता पोहे निम्मे घेते, त्यात मोड आलेली मटकी आणि मूठभर शेंगदाणे, सोबत अंडं किंवा वाटीभर दही.

दुपारचा डबा. पूर्वी चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी. आता दोन पोळ्या, एक पूर्ण वाटी उसळ, एक पालेभाजी, काकडी-मुळ्याची कोशिंबीर. वरण पातळ नको, चमचा उभा राहील इतकं घट्ट हवं. पाणीदार वरणात डाळ असते तरी किती? रात्री पिठलं-भाकरी माझी आवडती, कारण बेसनातून प्रथिनं मिळतात. पण ज्वारीची आहे म्हणून तीन-तीन भाकरी खाल्ल्या तर फरक पडणार नाही. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा, तळून न घेता कालवणात.

उपवास हा आपल्याकडचा मोठा सापळा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर बटाटा, वर साखर. एकादशीला खिचडीऐवजी ताक, दाण्याची आमटी आणि थोडी भगर, एखादं फळ, एवढ्यावर निभतं. आजीला आधी पटलं नव्हतं. आता तीच माझ्यासाठी आमटी वेगळी काढून ठेवते.

याचा अर्थ तेल-तूप मोकाट असा घेऊ नका. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल ही मर्यादा चांगली आहे, आणि तूप-खोबऱ्याने एलडीएल वाढू शकतं. कीटोच्या नादाने भात-पोळी पूर्ण सोडून लोणी-चीज खाणाऱ्यांत एलडीएल भलतं चढलेलं दिसतं. "शुगर फ्री", "डायबेटिक", "मल्टिग्रेन" लिहिलेल्या बिस्किटांच्या पुड्याची मागची बाजू वाचा, पहिलं नाव बहुतेक वेळा मैद्याचं असतं.

दारूने ट्रायग्लिसराइड्स थेट वाढतात. आकडा वाढलेला असेपर्यंत पूर्ण बंद.

७. जेवणानंतर उठा

सगळ्यात सोपा आणि लगेच गुण देणारा बदल हाच. जेवल्यावर १० ते १५ मिनिटं चालायचं, ऑफिसच्या जिन्यात का होईना. चालणारे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात. त्याशिवाय आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, आणि दोन दिवस स्नायूंना ताण: बैठका, जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं, काहीही. आपल्याकडे स्नायूच कमी म्हटल्यावर हे दोन दिवस चालण्याइतकेच महत्त्वाचे.

वजन पाच ते दहा टक्के उतरलं तर ट्रायग्लिसराइड्स साधारण वीस टक्के उतरतात. ६१ किलोला पाच टक्के म्हणजे जेमतेम तीन किलो. चेन्नईतल्या २००६ च्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या मध्यमवयीन लोकांमध्ये खाणं-व्यायाम सुधारल्याने डायबेटिसचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीने २६.४ टक्क्यांनी. गोळीइतकंच काम चालण्याने आणि ताटाने केलं.

८. डॉक्टर, गोळ्या, आणि कधी थांबायचं नाही

मित्राला दिलेली गोळी मेडिकलमधून आणून घेऊ नका. एलडीएलसाठी वेगळं औषध, खूप वाढलेल्या ट्रायग्लिसराइड्ससाठी वेगळं, आणि बऱ्याच तरुणांना सुरुवातीला कोणतंच लागत नाही. गरोदरपणाचा विचार असेल तर तो पहिल्याच भेटीत सांगा, काही गोळ्या त्या काळात चालत नाहीत. डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचारा: माझ्या बाबतीत दुसरं काही कारण आहे का? पुन्हा तपासणी कधी? कोणत्या आकड्यापर्यंत गोळीशिवाय थांबायचं?

ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या वर असतील तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका सुरू होतो, हजाराच्या पुढे तो बराच वाढतो, आणि मग तेलही कडक कमी करावं लागतं. पोटाच्या वरच्या भागात पाठीपर्यंत जाणारी असह्य कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर ती ॲसिडिटी समजून घरी बसू नका, थेट हॉस्पिटल. सारखी तहान, रात्री वारंवार लघवी आणि आपोआप उतरणारं वजन, ही लक्षणं असतील तर त्याच दिवशी शुगर बघा.

९. तीन महिन्यांनी पुन्हा, आणि या वेळी घरातले सगळे

एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करून उपयोग नसतो. त्याच लॅबमध्ये, तितकेच तास उपाशी राहून तपासा, नाहीतर तुलनाच होत नाही. माझे सहा महिन्यांनंतरचे आकडे: ट्रायग्लिसराइड्स १५८, एचडीएल ४१, एचबीए१सी ५.७, घेर ८१, वजन ५७. पाळी बरीच नियमित झाली. एचडीएल हट्टी आहे, ते हळूहळूच चढतं असं डॉक्टर म्हणाले. उंबरठ्यावरून मी अजून पूर्ण मागे आलेले नाही, पुढची तपासणी आषाढानंतर आहे.

सरकारी आरोग्य केंद्रांतली डायबेटिसची मोफत तपासणी ३० वर्षांपासून पुढच्यांसाठी असते, त्यामुळे विशीतल्यांना कुणी आपणहून बोलावत नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ च्या सूचनांमध्ये पहिलं लिपिड प्रोफाइल १८ व्या वर्षीच करायला सांगितलंय. माझा धाकटा भाऊ २२ चा आहे, मापाने माझ्याहून बारीक, आणि मानेवर तसाच पट्टा. गेल्या रविवारी आईनेच त्याला उपाशीपोटी उठवलं, चहाचं आधण उतरवून ठेवलं आणि लॅबला सोबत गेली.